वाढत्या अंगाचं व्हायोलिन

मास्तर शाळेचे गणवेश शिवायचे. कोट, झगे, पार्टीचे कपडे असल्या फंदात ते कधी पडले नाहीत. चड्ड्या, शर्ट, स्कर्ट. निळे, करडे, परत निळे. आणि गणवेश शिवणाऱ्याला एकच गोष्ट धरून चालावं लागतं, की पोर वाढणार. शिवणीत माया सोडायची, खाली चांगली चार बोटं दुमड ठेवायची, बाही मनगटाच्या पुढं जाऊ द्यायची. पहिल्या दिवशी पोरगं त्या कपड्यांत बुजगावणं दिसतं आणि आया नाक मुरडतात. मास्तर म्हणायचे, "ताई, वाढत्या अंगाचं आहे. पुढच्या वर्षी माझी आठवण काढाल." आणि खरंच, पुढच्या वर्षी त्या दुमड उसवून घ्यायला यायच्या आणि दोन शब्द चांगले बोलून जायच्या.

माणूस तसा लाख. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, तोंडात टाचण्या, त्यामुळं बोलणंही बेताचंच. सुरांशी मात्र त्यांचं साता जन्मांचं वैर होतं. लहानपणी शाळेत गाणं बसवणाऱ्या बाईंनी त्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसतं तोंड हलव हं, आवाज काढू नकोस." त्यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढं उभ्या आयुष्यात तोंडही हलवलं नाही. अंघोळीला गेल्यावर अख्खं जग गातं. हा बाबा मुकाट्यानं अंगावर पाणी ओतून बाहेर यायचा.

अशा माणसाच्या घरी बॉबीन जन्माला आली.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबीनसारखी बुटकी, गोल आणि दिवसभर गरगर फिरणारी, म्हणून आईनं बॉबीन नाव पाडलं आणि ते चिकटलं. तिची आई, म्हणजे आपल्या मास्तरीणबाई, दुकानातच बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि मास्तरांची उणीदुणी काढायच्या, सगळं एकाच वेळी. बॉबीन मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसून गुणगुणायची. लहान मुलं गुणगुणतातच, त्यात काय एवढं! पण एके दिवशी मास्तरीणबाईंचा सुईचा हात थांबला.

"अहो, जरा ऐका. मशीन जे घुमतंय ना, तेच ही घुमतेय."

"म्हणजे?"

"पायडल दाबा. हां. आता सोडा हळूहळू."

मास्तरांनी पायडल दाबलं, मोटर चढली, खालचा आवाज चढला. सोडलं, मोटर उतरली, खालचा आवाजही अगदी तिचं बोट धरून उतरला. मशीन बंद झालं तरी चिंध्यांतून तो घुमणारा आवाज येतच राहिला. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण बायकोच्या दंडावर काटा आलेला त्यांना दिसला, आणि मग त्यांच्याही आला.

"हे ध्यान कुणावर गेलंय हो?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माझ्यावर नाही, एवढं लिहून देतो."

पुढं दुकानातल्या रेडिओवर कधीतरी व्हायोलिन लागलं. बॉबीन गरगर फिरत होती ती जागच्या जागी थांबली. वाजून संपलं, बातम्या लागल्या, तरी ती उभीच. मग म्हणाली, "ते मला पाहिजे." जे वाजलं ते तिला पाहिजे होतं. तिला सहावं नुकतंच लागलेलं. दुसऱ्या दिवशी पाहिजे, तिसऱ्या दिवशीही पाहिजे, आणि हट्ट करून रडणं वगैरे काही नाही, फक्त रोज सकाळी उठून तेवढं एक वाक्य. मास्तर विरघळले.

आता इथं मास्तरांनी जे केलं ते फक्त मास्तरच करू जाणोत. पोरीला चकित करायचं म्हणून ते एकटेच वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं सांगितलं की लहान मुलांसाठी व्हायोलिन लहान मापाची मिळतात. अर्धं असतं, पाव असतं, पावाच्याही निम्मं असतं. "मुलगी केवढी आहे?" मास्तरांनी हात कमरेच्या जरा वर धरून दाखवला. दुकानदार म्हणाला, "मग पावाचं निम्मंच लागेल. पण तिला घेऊन या, हात बघावा लागतो."

मास्तर हसले. मापातल्या खाचाखोचा आपल्याला कोण शिकवणार! "अर्धं द्या," ते म्हणाले. "वाढत्या अंगाचं."

दुकानदारानं तोंड उघडलं, मग गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार म्हणून मिटलं आणि बांधून दिलं.

त्या भागात व्हायोलिन शिकवणारे एकच सर होते. त्यांच्या वर्गात मोठी मोठी मुलं, फळ्यावर स्वर लिहिलेले, आणि सर रांगांमधून फिरत ओरडायचे, "मनगट सरळ! बोटं वाकवा!" बॉबीनचा हात त्या अर्ध्या व्हायोलिनच्या टोकापर्यंत जेमतेम पोचायचा. बोटं जिथं पडायला हवीत त्याच्या अलीकडंच पडायची आणि तारेतून भलतंच काहीतरी किंचाळायचं. घरी आली की ती डावा खांदा आईपुढं करायची, "इथं दाब." मास्तरांना वाटायचं, नवीन आहे, सवय होईल. शेवटी एकदा सगळ्या वर्गासमोर सर म्हणाले, "हिला कान नाहीत." आणि मास्तर न्यायला गेले तेव्हा बाजूला घेऊन, चांगल्या मनानंच, "उगाच पोरीचे हाल करू नका. नाही एकेकाच्या अंगात."

मास्तरांनी लगेच विश्वास ठेवला. आपलंच रक्त, आणखी काय होणार? वाटेत पोरीचा हात धरून चालताना त्यांना ती शाळेतली शेवटची रांग आठवली आणि इतकं वाईट वाटलं की घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

व्हायोलिन कपाटावर गेलं. ते जाऊ दे हो, गेलं तर गेलं. पण त्यानंतर मशीन चालू झालं, मोटर घुमली, आणि खाली चिंध्यांत बसलेली पोर गप्प. एक दिवस गप्प, आठवडा गप्प, महिना गेला तरी गप्प. आईनं विचारलं, "गुणगुणत का नाहीस गं?" तर म्हणाली, "मला येत नाही." मास्तरीणबाईंनी काजाचा दोरा तोडला आणि नवऱ्याकडं बघितलं. दोघांनाही एकच हवं होतं. व्हायोलिन गेलं खड्ड्यात, पोरीचा आवाज परत यायला हवा होता.

हळूबाईंचा पत्ता दिला एका नर्सनं. ती मुलाचा गणवेश शिवायला आली होती. मास्तर माप घेत होते तेवढा वेळ तो मुलगा शीळ घालत होता. मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा नर्स म्हणाली, "व्हायोलिन शिकतो ना. हळूबाईंकडं. त्या सारखं हळू, हळू म्हणतात म्हणून मुलांनीच नाव पाडलंय. पण बाई जरा वेगळीच आहे हं. तिथं आधी आईबापाला वाजवायला लावतात."

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या पडल्या.

हळूबाईंची खोली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. तिघं लाकडी जिना चढत होते तेव्हा वरून आवाज येत होता. मास्तरांना सूर कळत नव्हते, पण खूप जण मिळून काहीतरी एकच करताहेत एवढं त्यांना कळलं. दार ढकललं आणि ते उंबऱ्यातच थबकले. आत दहा-बारा मुलं होती, काही तर बॉबीनहून लहान, अजून दुधाच्या दातांची, एकाच्या नाकाला शेंबूड. प्रत्येकाच्या पायाखाली एक कागद आणि कागदावर त्याच्याच पावलांचा आकार काढलेला. सगळे त्या पावलांवर उभे राहून वाजवत होते. समोर स्वर लिहिलेला कागद नाही, फळा नाही, कुणी ओरडत नाही. पाच-सहा सुरांचं साधं गाणं, वर चढायचं आणि उतरायचं. पण ती एवढाली कार्टी ते इतकं मिळून वाजवत होती की मास्तरांच्या छातीत काहीतरी हललं. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

हळूबाई मुलांकडं पाठ करून, भिंतीशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, अंगानं दणकट. डोळे मिटलेले. गाणं चालू असतानाच त्या म्हणाल्या, "मागच्या रांगेत कुणीतरी खांदा वर घेतलाय. खाली, बाळ. हळू." आणि खरोखर, मागच्या रांगेतल्या एका मुलीनं खांदा खाली सोडला. मास्तर आ वासून बघत राहिले. पाठमोऱ्या बाईला खांदा दिसला कसा? नंतर त्यांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "दिसत नाही हो. खांदा वर गेला की आवाजाचा गळा आवळला जातो."

मुलं गेल्यावर भिंतीवर टांगलेली व्हायोलिनं नीट दिसली. सगळ्यात लहान टोकाला, मग त्याहून मोठं, मग त्याहून. दुकानात मास्तर अगदी असेच गणवेश टांगायचे. बाईंनी मास्तरांनी आणलेलं व्हायोलिन पेटीतून काढलं, बॉबीनकडं बघितलं, परत व्हायोलिनकडं बघितलं.

"हात मापला होता?"

मास्तरांनी हात कमरेच्या जरा वर धरून दाखवला.

बाई उठल्या आणि दुसरं काही न बोलता त्यांनी मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. अहो, गळ्यातला! रोज गावातली पोरं मापणारा तो टेप. त्यांनी बॉबीनचा हात बाजूला लांब धरायला सांगितला, मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेप लावला, मग तोच टेप व्हायोलिनला लावला आणि टेपावर अंगठा धरून, व्हायोलिन हाताच्या किती पुढं जातंय ते मास्तरांना दाखवलं. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जगाच्या पोरांची मापं घेतली आणि आपल्या पोरीचा हात कधी मापला नाही!

"वाढत्या अंगाचं म्हणून..." ते पुटपुटले.

"कपड्याची दुमड उसवता येते. हाताला दुमड नसते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आपली डावी बाजू त्यांच्याकडं वळवली. एक खांदा दुसऱ्याहून चांगला वर होता. "माझ्या मोठ्या भावाचं व्हायोलिन मला दिलं होतं. पुढं खांदा खाली आलाच नाही. तुमच्या मुलीचा येईल, अजून वेळ आहे."

"सर म्हणाले, तिला कान नाहीत."

"कान आहेत म्हणूनच तिला तो आवाज सहन झाला नाही." बाईंनी बॉबीनकडं बघितलं. पोरगी आईच्या पदराआड उभी होती. "पण आता तिला कुणी वाजव म्हणायचं नाही. तुम्ही शिकायचं. ती बघेल. तिनं आपणहून मागितलं तर देऊ. नाही मागितलं, तर नाही."

"बाई, मी? मला शाळेत..." मास्तरांनी तोंड हलवायची ती गोष्ट सांगितली. बायकोनं सुद्धा ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"मग तर तुम्हीच," हळूबाई म्हणाल्या.

अर्धं व्हायोलिन बाईंच्या भिंतीवर रांगेत जाऊन बसलं आणि मास्तरांना मोठ्या माणसाचं, पूर्ण मापाचं मिळालं. पावलांचा कागद मिळाला. गाणं रेकॉर्ड करून मिळालं, ते घरात दिवसभर हळू आवाजात लावून ठेवायचं, जेवताना, कपडे धुताना, कुणी ऐकतंय की नाही याची चौकशी न करता. आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मास्तरांनी कागदावर उभं राहून वाजवायचं.

काय सांगू तुम्हाला तो आवाज! सुई ओवणारी, मुंगीएवढा टाका घालणारी बोटं, पण तारेवर गेली की लाकडाची व्हायची. तार घासायचा गज कधी घसरायचा, कधी अडायचा. वरच्या मजल्यावरचे पोस्टमनकाका जिन्यात भेटून म्हणाले, "मास्तर, मशीनला तेल घाला की." मास्तरीणबाई काजं करता करता ओठ चावून बसायच्या, नाहीतर हसू फुटलं असतं. बॉबीन मशीनखाली पाय पोटाशी घेऊन बसायची आणि बघायची. बोलायची नाही.

मास्तर दर आठवड्याला जिना चढायचे आणि दर आठवड्याला एकाच ठिकाणी आपटायचे. गाणं चढत चढत सगळ्यात वरच्या सुरावर जातं, तिथं त्यांचं तिसरं बोट चुकीच्या जागी पडायचं. "बाई, मला जमत नाही," ते एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले. "पोरगी तर एक अक्षर बोलत नाही. हवी तर माझी अक्कल काढा, पण यातून सोडवा."

"तुम्ही चुकलात की तोंड कसं करता?"

"कसं करतो?"

"सुई टोचल्यासारखं. तिला काय दिसतं? बाबा चुकतात आणि बाबांना लाज वाटते. ते तर तिला आधीच येतं." बाई हळू बोलायच्या, पण बोललेलं आत जाऊन बसायचं. "चुकून आनंदात असलेलं मोठं माणूस तिनं बघितलंच नाही. आणि एक करा. बोट सापडत नसेल तर सूर तोंडानं म्हणून बघा."

"तोंडानं?"

"मोठ्यानं."

मास्तर घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर उभे राहिले. दुकानाचं दार अजून अर्धं लावलेलं, टेबलावर कापलेल्या निळ्या स्कर्टांची चळत, मास्तरीणबाई खिडकीशी. त्यांनी सुरू केलं, चढत गेले, आणि तिथंच, त्याच ठिकाणी, तार किंचाळली. ते थांबले. त्यांना वाटलं, आता नाही, उद्या. मग खाली चिंध्यांत ती दोन बारीक पावलं दिसली, आणि या माणसानं, ज्यानं शेवटच्या रांगेत उभं राहिल्यापासून आजवर एक सूर तोंडातून काढला नव्हता, तोंड उघडलं आणि मोठ्यानं, भसाड्या आवाजात तो वरचा सूर म्हटला.

चुकलाच. साफ चुकला. इतका चुकला की त्यांचं त्यांनाच हसू आलं. मनापासून, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मास्तरीणबाईही फुटल्या. वर पोस्टमनकाकांची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

आणि त्या हसण्याखालून, मशीनच्या पायांमधून, एक बारीक आवाज आला. लांब, सरळ, न हलणारा. तोच सूर, जिथं असायला हवा तिथं.

मास्तरीणबाईंच्या हातातलं बटण खाली पडलं आणि टणाटण उड्या मारत कुठं गेलं ते कुणी बघितलं नाही. कितीतरी दिवसांनी तो आवाज आला होता. मास्तरांना हलायची भीती वाटली. श्वास घेतला तर जाईल की काय असं झालं त्यांना.

"बाबा, चुकलात," मशीनखालून आलं.

"हो का?"

"लई वर गेलात. खाली या." आणि परत तो सूर.

मास्तरांनी बोट तारेवरून घसरवलं. "अजून," खालून हुकूम. अजून घसरवलं. "अजून थोडं. हां!" गज ओढला, आणि तारेचा आवाज आणि पोरीचा आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा ते कळेना. मास्तरांच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. सूर लागला म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आपण इतकी वर्षं याच्या बाहेर उभे होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी नुसतं नवलच वाटत राहिलं.

बॉबीन चिंध्या झटकत बाहेर आली. तिनं व्हायोलिनसाठी हात पसरले. मास्तरांनी दिलं. तिनं ते हनुवटीखाली धरून बघितलं, हात लांब करून बघितला, आणि परत दिलं.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "मला माझ्या मापाचं पाहिजे."

त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिघं थेट सायकलवाल्याच्या वरचा जिना चढून गेले. हळूबाईंनी काही विचारलं नाही. मास्तरीणबाईंचा चेहरा बघूनच त्या भिंतीपाशी गेल्या आणि रांगेच्या टोकाचं ते एवढंसं व्हायोलिन काढलं. पण आधी मास्तरांकडं हात पुढं केला. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून दिला नाही. स्वतः गुडघ्यावर बसले, पोरीचा हात बाजूला धरला आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत माप घेतलं. दोनदा घेतलं. मग व्हायोलिनला टेप लावून बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली.

नवीन कागदावर बॉबीनच्या पावलांचा आकार काढला गेला. ती त्यावर उभी राहिली. व्हायोलिन खांद्यावर असं बसलं की खांदा कुठं वरच गेला नाही. हळूबाईंनी गज घसरू नये म्हणून त्याला राळ घासून दिली, पोरीच्या बोटांवर आपली बोटं ठेवून गज तारेवर टेकवला आणि हात काढून घेतला. "हळू," त्या म्हणाल्या.

तिनं हळू ओढला. बोट कुठं ठेवायचं नव्हतं, नुसती मोकळी तार. आवाज आला आणि खोलीभर पसरला, इतका भरलेला, की एवढ्याशा लाकडातून एवढं कसं निघतं ते मास्तरांना कळेना. गज टोकाला पोचला. पोरीनं मान वर केली. तिचे डोळे एवढाले झाले होते.

"बाबा! आपलं मशीन!"

आणि मास्तरांना ते ऐकू आलं. खरंच ऐकू आलं. सगळा जन्म ज्या मोटरशेजारी बसून काढला, तिचाच तो आवाज, त्या तारेत. त्यांना तो ओळखू आला. कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी तोंडावर हात धरला, कारण बाईंच्या समोर रडणं बरं दिसलं नसतं, आणि तरी ते रडलेच.

जरा वेळानं नाक पुसत त्यांनी विचारलं, "मग बाई, माझं आता बंद ना?"

"तुमचं कशाला बंद? तुम्हाला अजून कुठं येतंय?"

मास्तरीणबाई मोठ्यानं हसल्या. मास्तरांनी घरून आणलेला आपला कागद उलगडला, पोरीच्या कागदाशेजारी अंथरला आणि त्यावर उभे राहिले. बॉबीननं त्यांच्या पायांकडं बघितलं, एक पाय थोडा बाहेर होता, तो आत घ्यायला सांगितला. त्यांनी घेतला.

"आता म्हणा," ती म्हणाली. मास्तरांनी तोंड उघडलं.